आमचा पत्ता आम्हीच लिहू

मलकापूर नावाची गावे महाराष्ट्रात एकाहून जास्त. बुलढाण्याचे रेल्वे स्टेशनाचे मलकापूर, कराडला लागून असलेले मलकापूर, आणि कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरचे, शाहूवाडी तालुक्यातले आमचे. इंटरनेटवर नुसते 'मलकापूर' म्हणून भागत नाही, कुठले ते सांगावे लागते. लेखक-कलावंतांचेही तसेच. मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला तर ते दोनदा सांगावे लागते. उर्दूवाले आम्हाला मराठीत ढकलतात आणि मराठीवाले 'मुसलमान असून किती छान मराठी लिहिता' म्हणत पाठ थोपटतात. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्याच साली यू. म. पठाण पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तरी ही शाबासकी काही थांबली नाही.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. आमच्या लेखकांनी, शाहिरांनी, चित्रकारांनी, गाणाऱ्यांनी आपले काम आपल्या नावाने, मराठीत, इंटरनेटवर ठेवलेच पाहिजे. यावर आमच्यातली जाणती मंडळी नाक मुरडतात. 'हे मिरवणे झाले. ज्याच्यात दम आहे त्याला लोक शोधत येतात.' आणि दाखला देतात अल्लादिया खाँसाहेबांचा. शाहू महाराजांच्या दरबाराचे हे गवई १९४६ साली गेले. त्यांच्या गाण्याची एकही तबकडी मागे नाही, तरी जयपूर-अत्रौली घराण्याचा दबदबा कायम आहे!

दाखला खरा, पण अर्धाच. खाँसाहेबांची गायकी टिकली ती केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या गळ्यात. केसरबाईंची एक तबकडी १९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. शिष्येचा आवाज सूर्यमालेबाहेर आणि गुरूचा आवाज कोल्हापुरातही नाही. आता सांगा, शाहूवाडीच्या डोंगरात बसून कथा लिहिणाऱ्या पोराला कोणता दरबार आहे? त्याची वाक्ये गळ्यात घेऊन कोणती शिष्या फिरणार आहे? इकडे मिरजेचे अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले, पण त्यांच्या तबकड्या आहेत. आज कोणीही त्यांना ऐकू शकतो. तबकडी भरली म्हणून त्यांची फकिरी कमी झाली असे मिरजेत तरी कोणी म्हणत नाही.

दुसरे उदाहरण जास्त जिव्हारी लागते. आबालाल रहिमान. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेला, शाहू महाराजांच्या आश्रयाला असलेला, कोटितीर्थाच्या काठी राहून जलरंगात निसर्ग रंगवणारा आमचा चित्रकार. १९२२ साली महाराज गेले, तेव्हा त्यांनी आपली असंख्य चित्रे त्याच तळ्यात सोडून दिली, असे कोल्हापुरात सांगतात. ते १९३१ साली गेले. उरलेल्या थोड्या चित्रांवर आपण त्यांना ओळखतो, आणि त्यांचे नाव तरी कसे लिहितो? कुठे रहिमान, कुठे रेहमान, कुठे रहमान. ज्याने जे लिहिले ते. शोधणाऱ्याला एका ठिकाणी सापडतो तो दुसऱ्या ठिकाणी हरवतो. चित्रे तळ्याने नेली असतील, पण नावाची ही वाताहत आज आपण, कोरडे बसून, करतो आहोत.

मिरवण्याचा आक्षेप हा वरवरचा. खरे कारण भीती आहे, आणि तिची चेष्टा आम्ही करणार नाही. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाईलवरच्या 'स्टेटस'वरून बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, इंटरनेट तोडले गेले. जुलै २०२४ मध्ये आमच्याच तालुक्यात, विशाळगडाच्या वाटेवरच्या गजापुरात, घरे फुटली, मशिदीची तोडफोड झाली. तेव्हापासून मोहल्ल्यातली प्रत्येक आई पोराला एकच सांगते, 'कुछ डालना मत.' आईचे बरोबर आहे. पण गप्प बसल्याने आमच्याविषयी लिहिले जाणे थांबत नाही. आम्ही लिहिणे तेवढे थांबते. मग आमच्या नावाने शोधले की सापडतात दंगलीच्या बातम्या, आणि आमच्याबद्दल दुसऱ्यांनी ठरवलेली मते. आंबा घाटातल्या पावसावर आमच्यातल्या कोणी लिहिलेली कविता तिथे नसते. स्टेटस चोवीस तासांत पुसले जाते. आम्ही बोलतो आहोत ते मुक्कामी राहणाऱ्या कामाबद्दल.

उलट टोकाची मंडळीही आहेत. रोज एक रील, डोळ्यांत सुरमा, मागे उसना आवाज आणि खाली रोमन लिपीत दुसऱ्याचा शेर. मराठीत लिहिले तर 'लाइक' कमी पडतात म्हणे! पडू देत. शिवाय हे घर भाड्याचे आहे. ऑर्कुट २०१४ साली बंद झाले. जून २०२० मध्ये सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि खेड्यापाड्यांतल्या कलावंतांनी जमवलेला लाखोंचा श्रोता एका रात्रीत गेला. भाड्याच्या घरावर कोणी माडी चढवतो काय? फेसबुक-इन्स्टाग्राम वापरावे, पण चावडीसारखे. मूळ प्रत आपल्या संकेतस्थळावर आणि आपल्या कपाटात.

आमच्या लिहिणाऱ्या बहिणींची अडचण वेगळी आहे. फोटो टाकला की नको ते निरोप येतात, आणि घरचे मोबाईल काढून घेतात. त्यांना 'धीट व्हा' असा फुकटचा उपदेश करणाऱ्यांनी आधी आपल्या घरात पाहावे. आमचे म्हणणे एवढेच, की चेहरा नको असेल तर नको. निरोपाची खिडकी बंद ठेवता येते. लेख असू द्या, वाचनाचा आवाज असू द्या, तोही नको तर नुसते नाव असू द्या. मात्र ते आपले असावे, भावाचे किंवा नवऱ्याचे नव्हे.

आता कामाचे. आमचे कितीतरी वार्षिकांक श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत जुळवलेले आहेत. त्यांची पीडीएफ चढवली तरी शोधयंत्राला त्यातले अक्षर धड कळत नाही. मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो. नाव एकाच पद्धतीने लिहावे, खाली गाव-तालुका, लेखनाचे साल, आधी कुठे छापले ते. हे कंटाळवाणे काम कोणी कौतुकाने करणार नाही, पण दोन-चार कॉलेजची पोरे सुट्टीत बसली तर एका वार्षिकांकाचे होऊन जाते.

आणि सुरुवात जिवंतांपासून नको, गेलेल्यांपासून करू. वाळव्या-शाहूवाडीपासून कोकणापर्यंत कितीतरी घरांत लोखंडी पेट्यांत वह्या पडून आहेत. पोरे नोकरीला पुण्या-मुंबईला, घर बंद, पावसाळ्यात वाळवी. ज्यांच्याकडे अशी पेटी असेल त्यांनी रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी संपादकांना एक पत्र टाकावे. वह्या घरातून हलवायची गरज नाही; आम्ही मोबाईल घेऊन येऊ, पानांचे फोटो काढू आणि पेटी होती तशी ठेवून जाऊ.