कमी गिअरची लाज कशाला?



गेल्या अंकातल्या बॉयलरच्या लेखानंतर बऱ्याच जणांचे फोन आले. त्यातल्या दोघांनी बॉयलर राहू दिला बाजूला आणि विचारलं, "तुम्ही अजून सायकल चालवता म्हणे? या वयात चढ झेपतो का?" खरं सांगायचं तर मध्यंतरी झेपत नव्हता, आता झेपतो. मधल्या काळात माझ्यात काही फरक पडलेला नाही, सायकलचे काही भाग तेवढे बदलले. त्याचीच ही हकीगत.

रीडिंगला सपाट म्हणणारे लोक बहुधा स्टेशनवरूनच परत गेलेले असतात. टेम्स आणि केनेट या दोन नद्यांच्या संगमावरचं हे गाव. केनेटच्या बाजूने न्यूबरीकडे जाणारा चार नंबरचा राष्ट्रीय सायकलमार्ग धरलात तर फारसा चढ लागत नाही. पण २०१५ साली झालेल्या ख्राइस्टचर्च पुलावरून टेम्स ओलांडून कॅव्हरशमला गेलात की थोड्याच वेळात चढ सुरू होतो, आणि पुढे चिल्टर्नच्या टेकड्या. नदीच्या वरच्या अंगाला, आगगाडीने थोड्याच अंतरावर, गोरिंग आणि स्ट्रीटली ही समोरासमोरची दोन गावं आहेत. तिथला स्ट्रीटली हिल म्हणजे आमच्या भागातला खंबाटकी घाटच समजा. लांबी मैलभराच्या आत, पण मधला भाग १० टक्क्यांहून उभा. म्हणजे १० मीटर पुढे गेलात की १ मीटरपेक्षा जास्त वर.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी आणि चिरंजीव (वय वर्षं तेरा) सायकली गाडीत टाकून गोरिंगला उतरलो. पूल ओलांडला, स्ट्रीटलीचा चौक पार केला आणि समोर चढ. माझी सायकल सडपातळ, शर्यतीची, सेकंडहँड घेतलेली. त्याची मात्र जाड टायरची, वजनदार माउंटन बाइक. मी म्हटलं, "तू सावकाश ये, मी वर थांबतो." शंभरेक मीटर झाले असतील, मला एकेक पायडल म्हणजे विहिरीतून पोहरा ओढल्यासारखं वाटू लागलं. तेवढ्यात चिरंजीव शेजारून भराभरा पाय फिरवत निघून गेले. जाताजाता विचारलं, "बाबा, याच्या खाली गिअर नाहीये का?" नव्हता. मी उतरलो. दोन दिवस गुडघा दुखला. आणि त्याहून जास्त काय दुखलं ते तुम्ही ओळखलं असेलच.

सायकल शेडमध्ये गेली ती चार महिने तिथेच. मधल्या काळात जीपीकडून चाळिशीनंतरच्या तपासणीचं बोलावणं आलं. रक्तातल्या साखरेचा तीन महिन्यांचा हिशोब सांगणारा आकडा निघाला ४४. इथल्या मोजणीत ४२ ते ४७ म्हणजे मधुमेह नव्हे, पण उंबरठा. आपल्याकडच्या लोकांना हा आजार इथल्या गोऱ्या लोकांपेक्षा अधिक होतो, आणि माझ्या वडिलांना तर होताच. नर्सबाईंनी विचारलं, "व्यायाम?" मी म्हटलं, "सायकल आहे." आहे आणि चालवतो यातला फरक त्यांना बरोबर कळला.

त्या रात्री शेडमध्ये जाऊन दोन्ही सायकलींचे दाते मोजले. माझ्या सायकलला पायडलजवळ दोन चेनव्हील, ५३ आणि ३९ दात्यांची. मागच्या फ्रीव्हीलला, म्हणजे इथे ज्याला कॅसेट म्हणतात त्याला, १२ ते २५. सर्वांत हलका गिअर पुढे ३९, मागे २५. भागाकार १.५६. चाकाचा घेर २.१ मीटर, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल ३.३ मीटर पुढे जाणार. चिरंजीवांचं पुढचं सर्वांत लहान चेनव्हील २२ चं, मागचं सर्वांत मोठं चक्र ३२ चं. त्यांचं चाक एका फेऱ्यात पाऊण वेळासुद्धा फिरत नव्हतं. पोरगा माझ्यापेक्षा ताकदवान नव्हता, त्याचा भागाकार लहान होता, इतकंच!

आता थोडं गणित. मी, सायकल आणि पाण्याची बाटली मिळून ९० किलो धरा. १० टक्क्यांच्या चढावर मिनिटाला ६० फेरे मारायचे, तर माझ्या जुन्या गिअरमध्ये वेग होतो ताशी १२ किलोमीटरच्या आसपास, आणि नुसतं गुरुत्वाकर्षणाशी झगडायला लागतात २९० वॉट. ते माझ्या आवाक्याबाहेरचं. मी १८५ वॉट देऊ शकतो असं धरलं, तर फेरे ३८ वर येतात. इतके कमी फेरे म्हणजे प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर जास्त जोर. पुढे ३४ आणि मागेही ३४ लावलं तर भागाकार १, पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. त्याच ६० फेऱ्यांना वेग साडेसात किलोमीटर, ताकद १८५ वॉट, आणि पायावरचा जोर ३६ टक्के कमी. टेकडी काही लहान होत नाही. वर चढण्याचं एकूण काम तेवढंच राहतं, फक्त ते हप्त्याने फेडता येतं. घराचं मॉर्गेज घेताना आपल्याला लाज वाटत नाही, मग इथेच का वाटावी?

पण वाटते. मी सातारचा. लहानपणी आमचा हिरो म्हणजे मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिला चढून 'घाटाचा राजा' होणारा. आणि ही लाज आपलीच आहे असंही नाही. टूर दी फ्रान्स सुरू करणारे आंरी देग्रांज यांनी १९०२ साली लिहिलं होतं, की बदलते गिअर हे पंचेचाळिशीपुढच्या लोकांसाठी, खरा मर्द स्नायूंच्या जोरावर जिंकतो. त्यांच्या शर्यतीत डिरेलरला परवानगी मिळायला १९३७ साल उजाडलं. तिकडे सेंत-एत्येन गावचे पॉल द व्हिव्ही नावाचे गृहस्थ मात्र आयुष्यभर सांगत राहिले, की डोंगरात जायचं तर एकापेक्षा जास्त गिअर हवेत. आज टूरमधले नामांकित स्पर्धकसुद्धा आल्प्समध्ये मागे ३० किंवा त्याहून मोठं चक्र लावतात. आणि देग्रांजसाहेबांच्या पंचेचाळिशीला मी आता आलोच आहे!

तर आता कामाचं. ज्यांच्याकडे अशी जुनी सायकल आहे त्यांच्यासाठी.

पहिलं, नुसतं पुढचं छोटं चेनव्हील बदलून भागेलच असं नाही. ज्या चेनव्हीलचे बोल्ट १३० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात बसतात, त्याला ३८ पेक्षा लहान चक्र बसत नाही. ३४ हवं तर ११० वाला 'कॉम्पॅक्ट' संच घ्यावा लागतो, तोही तुमच्या बॉटम ब्रॅकेटला जुळणारा. दुसरं, मागचा छोट्या दांडीचा जुना डिरेलर साधारण २८ पर्यंतच पोचतो. ३४ साठी लांब दांडीचा लागतो. माझी सायकल शिमानोची, मागे दहा चक्रांची. त्या काळच्या बहुतेक दहाच्या रोड शिफ्टरबरोबर नऊ चक्रांच्या माउंटन बाइकचा डिरेलर व्यवस्थित चालतो, आणि तो सेकंडहँड स्वस्तात मिळतो. तिसरं, पुढचा डिरेलर खाली सरकवायला विसरू नका. ५३ चं ५० झालं की साधारण ६ मिलिमीटर.

चौथं मी स्वतः चुकून शिकलो. चेन जुनीच ठेवली. ड्राइव्हवेमध्ये ऐटीत फेरी मारली, पुढे मोठं आणि मागेही मोठं चक्र टाकलं, आणि चेन ताणली जाऊन डिरेलर ज्या कानावर लटकतो तो कान वाकला. सौ. खिडकीतून बघत होती. म्हणाली, "इंजिनिअर ना तुम्ही?" तेव्हा आधी चेन डिरेलरमधून न घेता नुसती पुढच्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्रांवरून फिरवा आणि एक इंच, म्हणजे दोन कड्या, जास्त ठेवा. कॅसेटची रिंग ४० न्यूटन-मीटरला आवळा. हे सगळं नको असेल तर दुकानात द्या, पण 'पुढे ३४, मागे ३४ हवं' असं नेमकं सांगून द्या.

तोटा काही आहे का? आहे. पुढे ५० वरून ३४ वर उतरलं की पाय एकदम रिकामे फिरतात, त्याच वेळी मागे दोन-तीन गिअर वाढवायची सवय करावी लागते. सपाटीवर दोन गिअरमधलं अंतरही जरा जास्त वाटतं. पण वेग गेला म्हणाल तर नाही. पूर्वी सर्वांत जड गिअर होता ५३ आणि १२, म्हणजे ४.४२. आता ५० आणि ११, म्हणजे ४.५५. उलट वाढलाच!

यंदा वसंतात पुन्हा स्ट्रीटली. या वेळी उतरलो नाही. गोगलगायीच्या गतीने, पण बसून, वरपर्यंत. अर्ध्या चढावर कुत्रा घेऊन चालणारे एक आजोबा भेटले. त्यांना "गुड मॉर्निंग" म्हणण्याइतका दम शिल्लक होता. तेव्हा वडील आठवले. पोवई नाक्याकडून राजवाड्याकडे येताना चढ लागला की ते सायकलवरून उतरत. त्यांच्या सायकलला एकच गिअर, भागाकार साधारण अडीच. हँडलला पिशवी, एक हात सीटवर, ढकलत ढकलत आणि भेटेल त्याच्याशी दोन शब्द बोलत वर येत. त्यांना कधी लाज वाटलेली मी पाहिली नाही. रोज सायकल बाहेर काढायची, एवढंच त्यांना ठाऊक होतं. वर लार्डन चेसच्या गवतावर बसून खाली टेम्स बघताना वाटलं, चार महिने सायकल शेडमध्ये ठेवली त्याला कारण चढ नव्हता, माझा ताठा होता.

परवाच्या तपासणीत आकडा ४१ आला. श्रेय सायकलला द्यायचं की सौ.ने कमी केलेल्या भाताला, यावर घरात वाद चालू आहे. तुमच्या शेडमध्येही एखादी सायकल पडून असेल तर आज रात्री तिचे दाते मोजा आणि भागाकार करा. उत्तर दीडच्या वर आलं तर मला फोन करा, हत्यारं माझ्याकडे आहेत.

कळावे, लोभ असावा. पुढच्या अंकी भेटूच!