उखडलेलं डांबर जातं कुठं?

भालकी असो की आळंद, गावातला रस्ता कसा होतो ते आपल्याला पाठ आहे. जुन्या डांबरावर नवा थर. काही वर्षांनी पुन्हा थर. रस्ता वर चढतो, घराचा उंबरा खाली जातो आणि पावसाळ्यात पाणी थेट घरात.

याला दुसरा मार्ग आहे. मिलिंग मशीननं जुना थर खरवडायचा, तो माल प्लांटवर नेऊन चाळायचा आणि नव्या मिश्रणात घालायचा. रस्त्याची उंची वाढत नाही. मिश्रणात वजनानं साधारण ५ टक्केच डांबर असतं, बाकी खडी. म्हणजे डोंगर कमी फोडावे लागतात. भारत डांबराचा मोठा हिस्सा आयात करतो, तोही खर्च वाचतो.

हे काही स्वप्न नाही. इंडियन रोड्स काँग्रेसनं २०१५ मध्येच यासाठी ‘आयआरसी १२०’ ही नियमावली काढली. अमेरिकेत नव्या मिश्रणात सरासरी २० टक्क्यांच्या आसपास जुना माल असतो.

कुणी म्हणेल, ‘जुना माल म्हणजे गुत्तेदाराला खायला आणखी एक कुरण!’ ही भीती खोटी नाही. उन्हापावसानं जुनं डांबर कडक होतं. ते न तपासता जास्त घातलं, तर रस्त्याला लवकर भेगा पडतात. शिवाय आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते. पायाच कच्चा असेल तर वरचा थर कितीही चांगला असला तरी टिकत नाही. अशा ठिकाणी पायासकट रस्ता जागेवरच दळून त्यात सिमेंट मिसळतात. उत्तर प्रदेशात प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत हे झालंय.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: जुना माल वापरा, पण हिशोब दाखवा. राज्यशास्त्रात आम्ही ‘सार्वजनिक मालमत्ता’ शिकतो. खरवडलेलं डांबरही तीच आहे, कारण त्याचे पैसे आपण एकदा भरलेत.

रस्त्याचं काम निघालं की ग्रामसभेत विचारा: माल किती निघाला? कुठं गेला? बिलात त्याची किंमत वजा झाली का? नव्या मिश्रणात किती टक्के घातला? लॅबचा रिपोर्ट कुठंय? उत्तर नाही मिळालं तर १० रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज टाका. आपल्याकडे तो कन्नड, हिंदी किंवा इंग्रजीत चालतो. मराठीत नाही म्हणून थांबू नका. कन्नड येणारा दोस्त सोबत घ्या, रस्ता त्याचाही आहे.