राजीनामा : सेवेचा ऋतुसंधी

ऋतुसंधीचा विचार आपणां वैद्यांस नवा नाही. सरत्या ऋतूचे शेवटचे सात व येणाऱ्या ऋतूचे पहिले सात अशा चौदा दिवसांत मागील चर्या क्रमाने सोडावी, पुढील क्रमाने अंगीकारावी. एकाएकी बदल केल्यास असात्म्यज रोग उद्भवतात, हे वाग्भटांचे तत्त्व आपण रुग्णांस नित्य समजावतो. स्वतः नोकरी सोडताना मात्र ते विसरतो. आमच्याकडूनही हे घडले आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

बी. ए. एम. एस. झाल्यावर आम्ही शेजारच्या जिल्ह्यातील एका खाजगी रुग्णालयात निवासी वैद्यकीय अधिकारी होतो. अकरा महिन्यांच्या शासकीय कंत्राटी नेमणुकीचा आदेश हाती आला आणि दोन ओळींचा राजीनामा ठेवून आम्ही तिसऱ्या दिवशी वाशिमला परतलो. शेवटच्या महिन्याचे वेतन अडले, अनुभव प्रमाणपत्रही मिळाले नाही. अन्याय झाला या भावनेने नेमणूकपत्र बाहेर काढले आणि प्रथमच नीट वाचले. उभयपक्षी एक महिन्याची नोटीस, अथवा तितक्या काळाचे वेतन, असे त्यात स्पष्ट होते. प्रमाणपत्र अडविणे गैर होते. वेतनाबाबत मात्र दोष आमच्याच पदरी होता.

याहून मोठी चूक नंतर कळली. मानोरा तालुक्यातील आमवाताची एक रुग्णा, शेतमजूर, सोयाबीनच्या सोंगणीची मजुरी बुडवून दाखल झाली होती. सोळा दिवसांच्या कालबस्तीचा तो नववा दिवस होता. पुढील योजना आमच्या डोक्यात होती, कागदावर नव्हती. नव्या वैद्यांस काहीच उमगेना. तिला अर्धवट उपचारावर घरी पाठविण्यात आले. आमचे एका महिन्याचे वेतन गेले; तिची मजुरीही गेली आणि उपचारही.

नोटिसीविषयी आपल्यात दोन टोकाचे समज आढळतात. एक, ती केवळ औपचारिकता आहे. दुसरा, ती पुरी केल्याखेरीज सुटकाच नाही. दोन्ही चुकीचे आहेत. व्यक्तिगत सेवेचा करार न्यायालय सक्तीने पुरा करवून घेत नाही. म्हणजे कोणासही इच्छेविरुद्ध कामावर ठेवता येत नाही. तथापि करारभंगाची भरपाई मागता येते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार ती वाजवी असावी व करारात नमूद रकमेहून अधिक नसावी. बंधपत्रावर सही करताना हे विशेष ध्यानी घ्यावे. तीन वर्षे पूर्ण होण्याआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची विजया बँकेची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरविली.

उलटपक्षी, मालकाची प्रत्येक अट चालते असेही नाही. कायम कर्मचाऱ्यास कारण न देता केवळ तीन महिन्यांच्या नोटिशीवर काढण्याचा सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट या सरकारी कंपनीचा नियम त्याच न्यायालयाने १९८६ मध्ये रद्द ठरविला होता. तसेच पुढील तारखेपासून दिलेला राजीनामा, नियमात वेगळे काही नसल्यास, त्या तारखेपूर्वी मागे घेता येतो. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींच्या प्रकरणात १९७८ मध्ये हा निर्णय झाला.

म्हणून तरुण वैद्यबंधू-भगिनींस आमची विनंती आहे. नेमणूकपत्र रुजू होताना वाचावे, सोडताना नव्हे. नोटीस किती दिवसांची, ती दोन्ही पक्षांस समान आहे काय, शिल्लक रजा तीत धरली जाते काय, हे आधीच विचारावे. राजीनामा तारखेसह लेखी द्यावा व पोच घ्यावी. नवी नेमणूक तातडीची असल्यास तेथे मुदतवाढ मागावी. न मिळाल्यास उरलेल्या दिवसांचे वेतन भरून लेखी कार्यमुक्ती घ्यावी. आणि प्रत्येक दाखल रुग्णाची चिकित्सा कोठवर आली व पुढे काय योजिले आहे, ते पुढील वैद्याच्या हाती द्यावे.

आपल्या संघटनेत स्वतःची रुग्णालये चालविणारे ज्येष्ठही अनेक आहेत. कनिष्ठांकडून महिन्याची नोटीस घ्यावयाची आणि आपण मात्र एका सायंकाळी 'उद्यापासून येऊ नका' म्हणावयाचे, हे शोभत नाही. मूळ प्रमाणपत्रे ओलीस ठेवून वैद्य टिकत नाही. वेळेवर वेतन व सन्मान मिळाला तर टिकतो.

चतुष्पादांपैकी वैद्य हा एक पाद आहे. तो निघाला तरी उरलेले तीन पाद तेथेच असतात, आणि त्यांत रुग्णही असतो. नोटिसीचे दिवस मालकाचे वा आपले आहेत असे आम्ही एकेकाळी समजत होतो. ते मुख्यतः त्या रुग्णाचे असतात, असे आमचे आता नम्र परंतु ठाम मत आहे.