दोनशे रुपयांत मिटवायचं?

आमच्या गल्लीत धुणीभांडी करणाऱ्या एका ताईंच्या लेकीला बंगल्यातला पाळीव कुत्रा चावला. मालकीणबाईंनी दोनशे रुपये हातावर ठेवले. वर म्हणाल्या, "पोरीनंच खोडी काढली असेल!" काम जाईल म्हणून ताई गप्प बसल्या.

मैत्रिणींनो, भरपाई म्हणजे उपकार नव्हे. पाळलेल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये, ही जबाबदारी मालकाची. हयगय केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. उपचाराचा खर्च दिवाणी दावा करून मागता येतो.

आधी मात्र जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, चटणी भरू नका. लगेच सरकारी दवाखाना गाठा, लसीचे सगळे डोस घ्या. केसपेपर, बिलं जपून ठेवा. पुढे तीच साक्ष देतात.

शेजारधर्म कुत्रेवाल्यांनीही पाळायचा असतो ना?