पासपोर्ट लागत नाही, पण कुणाला?

मैत्रिणींनो, हल्ली आपल्यातल्या कितीतरी जणींची लेक नाहीतर सून अमेरिकेत असते. बाळंतपणाला म्हणा, नातवंडं सांभाळायला म्हणा, आई नि सासूबाईंची तिकडे ये-जा चालूच असते. तिथे मुलांना सुट्टी लागली की सहलीचे बेत सुरू होतात आणि कुणीतरी म्हणतंच, "अगं, तिथे जायला पासपोर्टसुद्धा लागत नाही!" आज या एका वाक्याबद्दलच बोलायचं आहे. या वाक्यानं आमच्या सासूबाईंची चांगलीच तारांबळ उडवली होती.

माझ्या थोरल्या नणंदेचं बिऱ्हाड न्यू जर्सीत. घरातले चौघंही आता अमेरिकेचे नागरिक. सासूबाई त्यांच्याकडे गेल्या असताना नाताळच्या सुट्टीत व्हर्जिन बेटांपैकी सेंट थॉमसला जायचं ठरलं. नातू म्हणाला, "आजी, पासपोर्ट नको." सासूबाईंनी तो नीट पिशवीत गुंडाळून कपाटात साड्यांखाली ठेवून दिला. विमानतळाच्या अर्ध्या वाटेवर नणंदेनं विचारलं, "आई, तुझा पासपोर्ट घेतलास ना?" "अगं, नको म्हणालात ना? घरीच आहे की!" झालं! गाडी माघारी फिरवावी लागली. विमान कसंबसं मिळालं.

नातवाचं तसं चुकलं नव्हतं. अमेरिकन नागरिकांना पासपोर्टाशिवाय जाता येईल अशी ठिकाणं खरोखरच आहेत. हवाई आणि अलास्का तर त्यांचीच राज्यं. अट एकच, अलास्काला विमानानं जावं. मोटारीनं गेलं तर वाटेत कॅनडा लागतो आणि मग सरहद्दीवर कागद दाखवावे लागतात.

दुसरं ठिकाण प्वेर्टो रिको. १८९८ साली स्पेनकडून हे बेट अमेरिकेकडे आलं. तिथल्या लोकांना १९१७ पासून अमेरिकेचं नागरिकत्व आहे. चलन डॉलरच, पण बोली स्पॅनिश. सान हुआन शहरात समुद्राला भिडलेला एल मोरोचा जुना किल्ला आहे. आपल्या सिंधुदुर्ग-विजयदुर्गाची आठवण व्हावी असा. एल युंके नावाचं पावसाळी अरण्यही बघण्यासारखं. तिथला 'मोफोंगो' म्हणजे कच्ची केळी तळून, लसूण घालून कुटतात तो पदार्थ. त्यात बहुधा मांस असतं, म्हणून शाकाहारी मंडळींनी आधी विचारून घ्यावं.

तिसरं ठिकाण व्हर्जिन बेटं. १९१७ साली अमेरिकेनं ती डेन्मार्ककडून अडीच कोटी डॉलरना विकत घेतली. सेंट जॉन बेटाचा निम्म्याहून अधिक भाग राष्ट्रीय उद्यानच आहे. गंमत म्हणजे इथे गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूनं चालतात! मात्र शेजारची ब्रिटिश व्हर्जिन बेटं वेगळी. होडीनं तिकडे जायचं तर सगळ्यांनाच पासपोर्ट हवा.

चौथं, दूर पॅसिफिकमधलं ग्वाम. तिकडे जाताना होनोलुलूवरून जाणारं विमान घ्यावं. जपानवरून गेलं तर परदेश मध्ये आलाच.

आता मुद्द्याचं. पासपोर्ट नको याचा अर्थ ओळखपत्र नको असा नव्हे. ७ मे २०२५ पासून अमेरिकेतल्या विमानतळांवर मोठ्या माणसांकडे 'रिअल आयडी' नियमात बसणारा वाहन परवाना किंवा पासपोर्ट मागतात. आणि ही सगळी सवलत नागरिकांची. आपले आई-वडील व्हिजिटर व्हिसावर, जावई नोकरीच्या व्हिसावर असेल, तर त्यांनी भारतीय पासपोर्ट, व्हिसा आणि अमेरिकेत आल्याच्या नोंदीची छापील प्रत जवळ ठेवलीच पाहिजे. ग्रीन कार्ड असेल तर ते कार्ड. व्हर्जिन बेटांहून परतताना विमानतळावर कागद तपासतात. तिथे "घरी राहिला" म्हणून चालत नाही. आपण मतदार ओळखपत्रावर नेपाळला जातो, पण आपल्याबरोबर कुणी परदेशी पाहुणा असेल तर त्याला पासपोर्ट लागतोच ना? तसंच हे.

आणखी दोन सूचना. प्वेर्टो रिको किंवा हवाईहून परतताना सामानातली फळं-रोपं तपासतात. आंब्याचा मोह झाला तर तिथेच खाऊन घ्यावा, पिशवीत भरू नये. आणि कॅरिबियन बेटांवर जून ते नोव्हेंबर वादळांचा मोसम असतो. शक्य असेल तर डिसेंबर ते एप्रिलमध्ये जावं.

सासूबाईंची सहल तशी छान झाली. पण परत आल्यावर त्या मला म्हणाल्या, "तपासणीच्या वेळी चौघं भराभर पुढे गेले गं. माझाच पासपोर्ट तो अधिकारी उलटसुलट बघत राहिला. पोटच्या पोरीच्या घरातली मी एकटीच परकी, असं वाटलं बघ." मी काय बोलणार? मग त्याच हसून म्हणाल्या, "पण नातू मागे फिरला नि माझा हात धरून उभा राहिला."

म्हणून म्हणते, सहलीची बॅग भरताना फराळाच्या डब्याआधी आजी-आजोबांचा पासपोर्ट आठवणीनं ठेवा. आणि त्या रांगेत त्यांना एकटं सोडू नका!