गोल्फच्या मैदानावरचे दान आणि आपल्या पाठीवरचा पंप

पार्किन्सनच्या, म्हणजे आपण ज्याला कंपवात म्हणतो त्या आजाराच्या रुग्णांसाठी अमेरिकेत ठिकठिकाणी गोल्फच्या स्पर्धा भरवतात. खेळणारे प्रवेशशुल्क भरतात. मैदानात अठरा खळगे असतात. एकेका खळग्यापाशी आपल्या नावाची पाटी लावून व्यापारी मंडळी देणगी देतात. दुपारी सर्वांचे जेवण होते आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम रुग्णसेवेला किंवा संशोधनाला जाते. सिनेनट मायकल जे. फॉक्स यांना १९९१ साली, वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी, हा आजार असल्याचे कळले. त्यांनी २००० साली स्थापन केलेल्या संस्थेसाठीही अनेक स्वयंसेवक अशा स्पर्धा भरवून निधी जमवतात.

श्रीमंतांचा खेळ म्हणून याला नाक मुरडावे असे आम्हांला वाटत नाही. या आजाराचे औषध जन्मभर घ्यावे लागते, आणि औषधाइतकीच हालचालीची व सोबतीची गरज असते. खेळाच्या निमित्ताने रुग्ण घराबाहेर पडतो, चार माणसांत मिसळतो, हेही मोठे काम आहे. आमचे म्हणणे एवढेच की, दान देताना आजार कशाने होतो हे विचारायचे राहू नये. हा प्रश्न गोल्फ खेळणाऱ्यांना जितका लागू आहे, तितकाच आपल्या शेतकऱ्यांनाही आहे.

मेंदूतील काही पेशी डोपामिन नावाचे द्रव्य तयार करतात. त्या हळूहळू मरू लागल्या की हात थरथरतो, चाल मंदावते, अंग ताठरते, अक्षर बारीक होत जाते. पुष्कळांना त्याच्या कितीतरी वर्षे आधी वास येईनासा होतो, पोट साफ होत नाही, झोपेत हातपाय झाडले जातात. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचे वर्णन लिहिले. वाढते वय आणि काही घराण्यांत अनुवंश ही कारणे आहेतच. परंतु तेवढ्यावर हिशोब पुरा होत नाही.

१९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुणांनी चोरून बनवलेले अमली द्रव्य टोचून घेतले. त्यात एमपीटीपी नावाचा पदार्थ होता. थोड्याच दिवसांत ती धडधाकट माणसे जुनाट कंपवाताच्या रोग्यांसारखी ताठरली. या पदार्थापासून शरीरात जे विष बनते, त्याची रासायनिक घडण पॅराक्वाट या तणनाशकाशी मिळतीजुळती निघाली. तेव्हापासून संशोधकांची नजर शेतीतील विषांकडे वळली. २०११ साली आयोवा व नॉर्थ कॅरोलिना या राज्यांतील शेतीशी संबंधित लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांनी पॅराक्वाट वापरले होते, त्यांच्यात हा आजार सुमारे अडीच पट अधिक आढळला. उत्पादकांना हा संबंध मान्य नाही. मात्र युरोपीय संघाच्या न्यायालयाने पॅराक्वाटची परवानगी २००७ सालीच रद्द केली आणि आपल्याकडे केरळ सरकारने २०११ साली त्यावर बंदी घातली.

आता खुद्द गोल्फचे मैदान पाहा. खळग्याभोवतीची हिरवळ जेमतेम तीन-चार मिलीमीटर उंच ठेवतात. एवढे खुरटे गवत हिरवेगार राहावे म्हणून तण, बुरशी आणि किडी मारणारी औषधे फवारावी लागतात. मे २०२५ मध्ये अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात मिनेसोटा व विस्कॉन्सिन भागातील ४१९ रुग्णांचा अभ्यास छापून आला. गोल्फच्या मैदानापासून एक मैलाच्या आत राहणाऱ्यांत या आजाराची शक्यता सहा मैलांपलीकडे राहणाऱ्यांच्या सव्वादोन पट दिसली. ज्या पाणीपुरवठ्याच्या क्षेत्रात असे मैदान होते, तेथेही शक्यता जवळजवळ दुप्पट होती. यावरून फवारणीच दोषी असे सिद्ध होत नाही. पाण्यातील औषध कोणी मोजले नव्हते. पण शेजारच्या विहिरीचा विचार करायला लावणारी ही गोष्ट नक्कीच आहे.

म्हणून रुग्णांसाठी स्पर्धा भरवणाऱ्यांनी मैदानाच्या मालकाला एक साधा प्रश्न विचारावा: येथे काय फवारता, किती फवारता आणि ते झिरपून कोठे जाते? दान देणाऱ्याने प्रश्न विचारू नये असा काही नियम नाही. फॉक्स यांच्या संस्थेने निधी तर जमवलाच, शिवाय पॅराक्वाटवर बंदी घाला अशी मागणीही सरकारकडे केली. एका हाताने सेवा आणि दुसऱ्या हाताने प्रतिबंध, ही रीत आम्हांला योग्य वाटते.

आणि आपले काय? आपल्या गावात गोल्फ नसेल, पण पाठीवरचा पंप घरोघर आहे. कुळागरात, उसात, काजूच्या बागेत मजूर मिळत नाहीत म्हणून तणनाशकाची बाटली आणली जाते. मजुरी परवडत नाही हे खरे आहे. उपदेशाने ती स्वस्त होणार नाही. पण सावडीने खुरपणी करणे, पालापाचोळ्याचे आच्छादन घालणे, वेळेवर कोळपणी करणे हे आपल्या हाती आहे. जेथे फवारल्याशिवाय गत्यंतरच नाही, तेथे हातमोजे व पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, वाऱ्याच्या तोंडाशी फवारू नये, तुंबलेले नोझल तोंडाने फुंकू नये. पंप विहिरीवर वा ओढ्यावर धुऊ नये. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत, कारण ते धुणाऱ्या बाईच्या हातालाही कातडीच असते. रिकामी बाटली तेलासाठी कदापि वापरू नये.

ज्यांना आजार जडलाच आहे, त्यांना "म्हातारपणाची थरथर" म्हणून कोपऱ्यातल्या खाटेवर टाकू नये. मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. लेव्होडोपा हे औषध सुरू असेल तर ते आपल्या मनाने बंद करू नये. डाळ, मासे, दूध यांतील प्रथिनांमुळे त्याचा गुण कमी येऊ शकतो, म्हणून जेवण आणि गोळी यांत किती अंतर ठेवायचे ते डॉक्टरांना विचारावे. मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी २००१ पासून, तसेच पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ, रुग्ण व त्यांच्या घरच्यांना एकत्र आणण्याचे काम करीत आले आहे.

आपल्या धर्मग्रामात असे दोन-चार रुग्ण असतील, तर सभागृहात आठवड्यातून एक तास त्यांच्यासाठी राखून ठेवता येईल. चालणे, टाळ्या वाजवणे, ताला-सुरात गाणे यांला मैदान लागत नाही की प्रवेशशुल्क लागत नाही. तरुण संघाने त्यांना घरून आणण्याची व पोचवण्याची जबाबदारी घ्यावी. आणि त्याच सभागृहात, पेरणीच्या आधी, फवारणीविषयी एक बैठक व्हावी. आजाऱ्याला हात देणे आणि उद्याचा आजारी होऊ न देणे, ही दोन्ही कामे एकाच छपराखाली व्हावीत अशी आमची विनंती आहे.