थिबा राजाचा वाडा

रत्नागिरीला जाणारा माणूस गणपतीपुळे करतो, पावसला जाऊन येतो, हापूसच्या पेट्या बांधतो आणि परत फिरतो. थिबा राजवाडा राहूनच जातो. आमचाही दोनदा राहिला होता. या खेपेस मात्र आईने हट्टच धरला, "राजाचं घर आहे ना, मग आधी तेच बघू."

उंचावर मोकळ्या आवारात जांभ्या दगडाचा आणि विटांचा हा तीन मजली वाडा उभा आहे. उतरती छपरे, अर्धगोल कोरीव लाकडी खिडक्या, वरच्या दिवाणखान्यात संगमरवरी फरशी. सज्जातून माडांच्या शेंड्यांवरून भाट्याची खाडी आणि पलीकडचा समुद्र दिसतो. वारा असा की उठून जाऊ नये. पण एवढा थाट सरकारने केला तो एका कैद्यासाठी!

1885 च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतले आणि ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला राणी सुपयालतसह बोटीत बसवले. तेव्हा तो अवघा 26 वर्षांचा होता. रंगून, मद्रास करीत 1886 च्या एप्रिलमध्ये तो रत्नागिरीस पोचला. रत्नागिरीच का? तर येथे आगगाडी नव्हती आणि पावसाळ्यात बोटी बंद. पळून जाणेही अवघड आणि कोणी भेटीस येणेही अवघड. (त्याआधी याच इंग्रजांनी दिल्लीच्या बहादूरशहा जफरला रंगूनला धाडले होते. तो 1862 मध्ये तिथेच वारला.) बंगल्यांतून 24 वर्षे काढल्यावर 1910 मध्ये हा वाडा थिबाला राहायला मिळाला. सहाच वर्षांनी, डिसेंबर 1916 मध्ये, त्याने येथेच डोळे मिटले. सज्जातून दिसणारा समुद्रही पश्चिमेचा. त्याचा देश पाठीमागे, पूर्वेला.

आईला राजकारणात रस नव्हता. तिने विचारले, "मुलं किती? त्यांची लग्नं कशी केली?"

खरी गोष्ट तिथेच आहे. मुली चार. थोरल्या दोघी मंडालेच्या, तिसरी वाटेत मद्रासला झाली, धाकटी रत्नागिरीत. राजाला जावई राजघराण्यातलाच हवा. रत्नागिरीत ब्रह्मी राजपुत्र कोठून येणार? मुलींची वये वाढत गेली. थोरलीचा जीव जडला तो राजाच्या पहाऱ्यावरल्या गोपाळ सावंतावर. त्याचे लग्न आधीच झालेले. 1906 मध्ये दोघांना मुलगी झाली, टूटू.

1919 मध्ये राणीला मुलींसह मायदेशी जाण्याची परवानगी मिळाली. थोरली मात्र काही काळाने रत्नागिरीस परतली आणि 1947 मध्ये येथेच वारली. टूटू तर रत्नागिरीचीच झाली. मराठी बोलली, मराठी माणसाशी संसार केला, गरिबीत पोरे वाढवली. 2000 मध्ये ती गेली. ब्रह्मदेशच्या राजाची नात!

"त्या गोपाळच्या बायकोचं काय झालं असेल?" आई म्हणाली. कोणत्याही पुस्तकात न विचारलेला प्रश्न.

वाड्यात आता पुरातत्त्व खात्याचे वस्तुसंग्रहालय आहे. राजाच्या वापरातल्या थोड्या वस्तू आहेत, डोळे दिपावेत असे काही नाही. मौल्यवान माणके तर खर्च भागवण्यासाठी त्या कुटुंबानेच हळूहळू विकली.

निघताना समाधी जरूर पाहा, ती शिवाजीनगर भागात आहे. राजाचे शव मायदेशी न्यावे म्हणून राणीने पुष्कळ खटपट केली, पण सरकारने ऐकले नाही. अखेर 1919 मध्ये येथेच दफन झाले, शेजारी धाकट्या राणीचे. 2012 च्या डिसेंबरात म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन येथे येऊन गेले.

सोमवारी वाडा बंद असतो. रिक्षावाल्याला "थिबा पॅलेस" एवढे सांगितले की पुरते. समाधी मात्र आम्हाला विचारत विचारत गाठावी लागली.